जुने कपडे मोबाईलवर विकायचे? आधी वही उघडा, मग फोटो काढा



बंद ऋतू जवळ आला की आपल्याकडे दरवर्षी एकच प्रश्न उभा राहतो. १६ जून ते १५ ऑगस्ट नदीत आणि जलाशयात मासेमारी बंद. मासोळीच्या विणीचा काळ आहे, तेव्हा जाळं बाहेर ठेवणं आपल्याच फायद्याचं, यात वाद नाही. नदीशी संबंध नसलेल्या लहान तलाव-बोड्यांना हा नियम लागत नाही, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण ज्यांचं घर जलाशयावर चालतं त्यांनी दोन महिने काय करायचं? बचत-सह-राहत योजनेत सभासदाचे १,५०० आणि सरकारचे ३,००० असे मिळून ४,५०० रुपये तीन हप्त्यांत मिळतात, म्हणजे महिन्याला १,५००. त्यात तेल-मीठ होते, घर नाही होत.

म्हणून यंदा बरेच जण, खास करून घरच्या बाया, विचारून राहिल्या की जुने कपडे मोबाईलवर विकून पैसे मिळतात म्हणे, ते खरं का? कोणाच्या भाचीने नागपुरात असताना इन्स्टाग्रामवर असं दुकान पाहिलं, कोणाला फेसबुकवर जाहिरात दिसली.

उत्तर सरळ देतो. पैसे मिळतात. पण ते कपडा किती रुपयांना विकला यावर ठरत नाहीत, विकल्यावर हातात किती उरले यावर ठरतात. त्यामुळे हा लेख थोडा लांब आहे. घरात जी व्यक्ती हे काम करणार तिला बसवून पूर्ण वाचून दाखवा.

धंदा जुना, फक्त मोबाईल नवा

जुन्या कपड्यांवर भांडी देणारी बाई सर्वांनी पाहिली आहे. महाराष्ट्रात तिला बोहारीण म्हणतात. दोन पॅंटी, तीन साड्या घेते आणि स्टीलचं पातेलं देऊन जाते. ती ते कपडे टाकून देत नाही. चांगले निवडते, धुते, शिवते, इस्त्री करते आणि जुन्या बाजारात विकते. त्याहून वाईट असलेले चिंधीवाल्याकडे जातात. अगदी फाटके लोकरी कपडे हरियाणातल्या पानिपतला पोचतात. तिथे ते पिंजून सूत काढतात आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं होतात.

म्हणजे कपड्याची किंमत निवडण्यात, धुण्यात आणि योग्य गिऱ्हाइकापर्यंत नेण्यात आहे. बोहारीण दारोदार पायी फिरते, आपण मोबाईलवरून फिरणार. बाकी तिचं सर्व काम आपल्याला करावंच लागेल. ते काम टाळून फक्त फोटो टाकणारा दोन महिन्यांत थकतो.

आता हिशेब पाहू

खालचे आकडे समजण्यासाठी धरले आहेत. तुमच्याकडे वेगळे येतील, पण मांडणी हीच ठेवा.

समजा आपण ओळखीच्या घरांतून २० कुर्ते ४० रुपयांप्रमाणे घेतले. झाले ८०० रुपये. धुणं, इस्त्री, बटण-चेन मिळून नगाला १० रुपये, म्हणजे २००. आपले एकूण १,००० रुपये गुंतले.

पहिला रस्ता, दूरच्या गिऱ्हाइकाला कुरियरने पाठवायचं. एक कुर्ता १८० रुपयांना, घरपोच. महिनाभरात १२ गेले. आले २,१६० रुपये. पिशवी आणि कुरियर मिळून नगाला ७५, म्हणजे ९०० गेले. एक कुर्ता माप बसलं नाही म्हणून परत आला, १८० रुपये परत द्यावे लागले. परतीचं भाडं त्या बाईनेच भरलं असं धरू. उरले १,०८०. त्यातून आपले १,००० वजा करा. महिनाभराच्या कामाची कमाई ८० रुपये, आणि घरात ९ कुर्ते पडून.

दुसरा रस्ता, फोटो मोबाईलवरच दाखवायचे पण कपडा हातोहात द्यायचा. तिरोडीत, कटंगीत, आठवडी बाजाराच्या दिवशी, किंवा गिऱ्हाईक घरी येऊन नेईल. इथे १८० कोणी देणार नाही, ११० धरू. १२ कुर्ते गेले, आले १,३२०. कुरियर नाही. बाई अंगाला लावून पाहते, म्हणून परत येण्याचा प्रश्नही जवळजवळ नाही. १,००० वजा जाता उरले ३२०, आणि घरात ८ कुर्ते.

भाव ७० रुपयांनी कमी, पण कमाई चौपट. हे आपल्याला नवीन नाही. मासोळी दूरच्या बाजारात महाग जाते, पण बर्फ, गाडीभाडं आणि वाटेतली खराबी धरली की कधी कधी जवळचा बाजारच बरा पडतो. इथेही तसंच आहे. म्हणून आमचं सांगणं एवढंच: दाखवा मोबाईलवर, द्या हातोहात.

दूर पाठवायचंच असेल तर एकेक नग पाठवू नका, जोडी करून पाठवा. तीन कुर्ते वेगवेगळे पाठवले तर ५४० रुपयांतून २२५ भाड्यात जातात, उरतात ३१५. तेच तीन एका पाकिटात ११० रुपयांत गेले तर उरतात ४३०. लहान मुलांचे कपडे तर जोडीनेच विका: "दोन वर्षांच्या मुलाचे पाच कपडे" असं. आईला एकदम पाहिजेच असतात, आणि मुलांचे कपडे फाटण्याआधी लहान पडतात म्हणून मालही चांगला मिळतो.

पडून राहिलेल्या मालाचं काय?

मासोळी संध्याकाळपर्यंत खराब होते, म्हणून दुपार टळली की आपण भाव उतरवतो. कपडा खराब होत नाही, म्हणून माणूस भाव उतरवत नाही. "जाईल कधीतरी" म्हणत पेटी भरत जाते आणि पैसा त्यात अडकतो.

म्हणून कपड्यालाही मुदत ठेवा. १५ दिवसांत गेला नाही तर भाव कमी करा. महिना झाला तर आपल्याला पडला त्या भावात सोडा. दोन महिने झाले तर भांडेवालीला द्या किंवा गोधडीत घाला. आणि जुना माल अर्धा निघाल्याशिवाय नवीन घेऊ नका.

धुणं उन्हाळ्यात, विक्री पावसाळ्यात

बंद ऋतू म्हणजे आषाढ-श्रावण. हात रिकामे असतात ते नेमके त्याच दिवसांत, जेव्हा कपडा चार दिवस वाळत नाही. ओलसर कपडा घडी करून ठेवला की बुरशीचे काळे ठिपके पडतात, आणि ते निघत नाहीत.

म्हणून गोळा करणं, धुणं, वाळवणं आणि फोटो काढणं हे सर्व मे महिन्यात उरकून घ्या. कडक ऊन असतं, लग्नसराई संपत आलेली असते आणि लोक पेट्या आवरत असतात. जूनपासून फक्त विकायचं काम ठेवा. शाळा उघडतात तेव्हा मुलांचे कपडे आणि रेनकोट, पुढे राखी-पोळा-गणपतीला साड्या आणि मुलींचे ड्रेस, नवरात्रात घागरे, दिवाळीनंतर स्वेटर-जॅकेट. हंगामाच्या पंधरा दिवस आधी फोटो गेला पाहिजे.

आपल्या घरांसाठी एक खास गोष्ट. ज्या खोलीत जाळं किंवा सुकी मासोळी असते त्या खोलीत हे कपडे ठेवू नका. आपल्या नाकाला वास येत नाही, गिऱ्हाइकाच्या नाकाला पाकीट उघडताच येतो. झाकणाची पेटी घ्या, त्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवा आणि पेटी जमिनीवर न ठेवता उंचावर ठेवा. आणलेला प्रत्येक कपडा आधी गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवा, म्हणजे खरूज वगैरे आपल्याच घरात यायची नाही. रेशीम आणि लोकर मात्र गरम पाण्यात घालू नका.

काय घ्यायचं, काय नाही

आधी आपल्याच घरातले कपडे पाहा. खर्च शून्य आणि शिकायला मिळतं. मग ओळखीची घरं. मॉयलच्या खाणीमुळे आपल्याकडे नोकरदार घरं आहेत, बदली झाली की सामान कमी करायचं असतं. तिथे मान ठेवून विचारा: "वहिनी, चांगले कपडे द्यायचे असतील तर आम्ही पैसे देऊन नेतो." फुकट मागू नका. फुकट मागितलं की फाटकंच येतं.

घ्या: लहान मुलांचे कपडे, जीन्स, कुर्ते, स्वेटर, एक-दोनदा घातलेले लग्नाचे कपडे, चांगल्या साड्या.

घेऊ नका: आतले कपडे, मोजे, काखेत डाग किंवा वास असलेले शर्ट, सैल झालेलं इलॅस्टिक. मोठ्या कंपनीचं नाव छापलेला नकली कपडाही खरा म्हणून विकू नका. नकली ब्रँड विकणं हा गुन्हा आहे, जुना असला तरी.

साड्यांकडे खास लक्ष द्या. वारासिवनीची हातमागाची साडी किंवा भंडाऱ्याकडच्या मोहाडी-आंधळगावची कोशाची साडी आपल्या भागात घराघरांत पेटीत पडून असते. ती भांडेवालीला पातेल्यावर देऊ नका. खरा कोसा ओळखायचा तर पदराच्या आतल्या कडेचा एक धागा काढून जाळा. केस जळाल्यासारखा वास आला आणि राख बोटाने चुरली गेली तर रेशीम. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिस्टर. मात्र आजी-सासूबाईंची साडी विकण्याआधी घरात विचारा. काही वस्तूंची किंमत पैशात होत नाही.

फोटो आणि माप

दिवसाच्या उजेडात, स्वच्छ चादरीवर कपडा पसरून चार फोटो काढा: समोरून, मागून, आतल्या लेबलचा आणि दोषाचा. हो, दोषाचाही. बटण बदललं आहे, बाहीला छोटा डाग आहे, ते लिहून टाका. लपवलेला दोष परत येतो आणि भाडं घेऊन येतो.

"मीडियम साइज" एवढं लिहून चालत नाही, धुतल्यावर कपडा आटतो. टेप लावून छाती, कंबर आणि लांबी इंचात लिहा. परतीचा बहुतेक त्रास इथेच वाचतो. खिसे नीट तपासा, कोणाचे कागद किंवा पैसे निघाले तर ज्यांचे त्यांना द्या. विश्वास तिथूनच तयार होतो.

मुलीने किंवा सुनेने कपडा घालून काढलेला फोटो टाकू नका. तो फोटो पुढे कुठे फिरेल हे आपल्या हातात राहत नाही.

सुरुवात व्हॉट्सअॅपच्या स्टेटसने करा. व्हॉट्सअॅप बिझनेस फुकट आहे, त्यात कपड्यांची यादी फोटो-भावासह लावता येते. हात बसला की फेसबुक मार्केटप्लेस आणि ओएलएक्स. तिथे अनोळखी लोक येतात, म्हणून पुढचा भाग नीट वाचा.

पैसे घेताना

पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन लागतो तो पैसे द्यायला. कोणी म्हणालं, "मी क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करा म्हणजे तुमचे पैसे जमा होतील," तर तो चोर आहे. फौजेत असल्याचं सांगून, गणवेशातला फोटो आणि ओळखपत्र पाठवून असे प्रकार देशभर झाले आहेत. न पाहता, भाव न करता लगेच घ्यायला तयार झालेल्या गिऱ्हाइकापासून सावध राहा.

पैसे आले का ते समोरच्याच्या स्क्रीनशॉटवर पाहू नका, आपल्या खात्यात पाहा. दूरच्या गिऱ्हाइकाकडून आधी पैसे, मग पार्सल. पावतीचा फोटो जपून ठेवा. आणि फसवणूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा. जितका लवकर फोन, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा जास्त. या व्यवहारासाठी वेगळं खातं ठेवा आणि त्यात थोडेच पैसे असू द्या. घराचं मुख्य खातं यात आणू नका.

आपली सीमा आणि जीएसटी

तिरोडीच्या लोकांना हे माहीत असणं गरजेचं आहे. आपले सोयरे तुमसरला, बाजार तुमसरला, दवाखाना नागपूरला. पण कायद्याच्या नजरेत ते दुसरं राज्य आहे.

घरचे स्वतःचे वापरलेले कपडे विकले तर तो धंदा नाही, जीएसटीचा प्रश्न नाही. दुसऱ्यांकडून घेऊन विकू लागलो की तो धंदा. मालाच्या धंद्यात वर्षाची विक्री ४० लाखांच्या आत असेल तर राज्यातल्या राज्यात नोंदणीची सक्ती नाही. आपल्यापैकी कोणी त्या आकड्याजवळ जाणार नाही. पण माल दुसऱ्या राज्यात पाठवला की ही सूट मिळत नाही. विक्री कितीही लहान असो, आधी नोंदणी लागते. म्हणजे बालाघाट, कटंगी, जबलपूर, भोपाळला पार्सल गेलं तर चालतं. गोबरवाही-तुमसरला कुरियर केलं तर नियम बदलला.

मोठ्या ऑनलाइन कंपन्यांमार्फत विकायचं असेल तर १ ऑक्टोबर २०२३ पासून लहान विक्रेत्याला नोंदणीशिवायही विकता येतं, पण फक्त आपल्या राज्यात, आणि जीएसटी पोर्टलवरून एक नोंद क्रमांक घ्यावा लागतो. काम वाढलं आणि महाराष्ट्रात पाठवायचंच ठरलं तर आधी कर सल्लागाराला विचारा. वापरलेल्या वस्तूंच्या धंद्यात पूर्ण विक्रीवर नाही तर खरेदी-विक्रीच्या फरकावर कर भरायची सोय आहे, तेही त्यांच्याकडून समजून घ्या.

गाठींच्या जाहिराती आणि आपलं कर्ज

सर्वात महत्त्वाचं इथे आहे. डोंगामालकांनी खास वाचावं.

"परदेशी कपड्यांची गाठ, इतक्या हजारात शंभर किलो, घरबसल्या धंदा" अशा जाहिराती मोबाईलवर येतात. गाठ उघडून पाहता येत नाही. वरच्या थरात चांगले आणि आत चिंध्या निघाल्या तर परत घेणारा कोणी नसतो. कधी पैसे भरल्यावर गाठ येतच नाही. आणि परदेशातले वापरलेले कपडे देशात आणायला परवाना लागतो, ते खुलेआम आणता येत नाहीत. बिल नसलेला असा माल घरात ठेवून आपण कशाला अडचणीत यायचं?

याहून मोठी भीती वेगळी आहे. २०१८-१९ पासून किसान क्रेडिट कार्ड मच्छीमारांनाही मिळू लागलं. ते पैसे बीज, खाद्य, जाळं, डोंग्याची दुरुस्ती यांच्यासाठी आहेत. वेळेवर भरणाऱ्याला व्याजात ३ टक्क्यांची सूट मिळते, म्हणून ७ टक्क्यांचं कर्ज ४ टक्क्यांना पडतं. ती रक्कम गाठीत अडकली आणि मुदत चुकली तर सूट गेली, आणि १६ ऑगस्टला पाण्यात उतरायला जाळंही नाही. बंद ऋतूतल्या जोडधंद्यासाठी हंगामाचा धंदा गहाण टाकणं कोणत्याच हिशेबात बसत नाही.

म्हणून नियम पक्का ठेवा. या कामात कर्जाचा एक रुपया नाही. बचत गटाचंही नाही, कार्डाचंही नाही, सोनं ठेवूनही नाही. घरच्या दहा कपड्यांपासून सुरुवात करा, त्यातून आलेल्या पैशातून पुढचे घ्या. बुडालेच तर ते दहा कपडेच बुडतील.

वहीत काय लिहायचं

एक वही पुरे. प्रत्येक कपड्याला क्रमांक द्या आणि एका ओळीत लिहा: घेतल्याची तारीख, किती पडला, धुणं-दुरुस्ती, विकल्याची तारीख, किती आले, भाडं, किती उरले. महिन्याच्या शेवटी बेरीज करा. त्या महिन्यात मोबाईलचं रिचार्ज आणि साबण किती लागलं तेही वजा करा. जी रक्कम उरेल तीच कमाई. कमाई जिने काम केलं तिच्या हातात जावी, हेही आमचं सांगणं आहे.

दोन महिने अशी वही चालवा. उरत असेल तर वाढवा. उरत नसेल तर खुशाल बंद करा, त्यात काही कमीपणा नाही. या धंद्याने घर चालेल असं आम्ही म्हणत नाही. पण मुलाच्या वह्या-पुस्तकांचा खर्च निघाला, किंवा सावकाराच्या दारात जायची एक खेप वाचली, तरी बंद ऋतूत ते मोठं आहे.

वही कशी आखायची हे समजून घ्यायचं असेल त्यांनी संस्थेच्या कार्यालयात यावं, आपण बसून आखून देऊ. पैसे मागणारी कोणतीही लिंक किंवा गाठीची जाहिरात आली तर पैसे भरण्याआधी आम्हाला दाखवा. विचारायला काही लागत नाही.

हा लेख आपापल्या ग्रुपवर पाठवा, आणि घरातल्या बायांपर्यंत पोचेल असं पाहा.

विना सहकार नाही उद्धार.

आपला,
सचिव, संस्थेच्या वतीने